कुंपणावरचं विष

श्रावण लागला की अलिबागहून रेवदंड्याकडे आणि पुढे मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मोगली एरंडाच्या कुंपणांवर कळलावी चढलेली दिसते. तिला वेगळे तणावे नसतात. पानाचं टोकच वळून आधार पकडतं. फूल उमलताना हिरवट-पिवळं, मग कडेनं केशरी आणि शेवटी लालभडक होतं. पाकळ्या मागे मुरडलेल्या. गौरी येतात तेव्हा काही घरांत तेरड्याबरोबर हेही फूल वाहिलं जातं. फूल आणायला नातवंडांना पाठवणारी आजी त्यांना एवढंच बजावते, की वेल उपटू नका आणि कंदाला हात लावू नका. या पुस्तकाचा विषय त्या ताकिदीपासून सुरू होतो.

कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा दुबेळका असतो. रानात करांदे, कणगं खणणाऱ्याच्या हाती तो चुकून लागला आणि कुणी शिजवून खाल्ला, तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पटकी झाली की काय असं वाटावं इतके. त्यातून माणूस वाचला तर दोन-चार दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. त्यातूनही तगला तर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास केस पुंजक्यांनी गळू लागतात. दवाखान्यात सहज मिळेल असा उतारा यावर नाही. आतड्याचं अस्तर, हाडातली मज्जा, केसांची मुळं: कर्करोगाच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल. किमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला नेमका याच तीन ठिकाणी त्रास होतो, आणि दोन्हीकडे कारण एकच आहे. शरीरात ज्या पेशी सतत विभागत असतात, त्यांना विभागू दिलं जात नाही. गाठीतल्या पेशीही अशाच विभागत असतात. म्हणून विषबाधेच्या नोंदी वाचणारा शहाणा संशोधक त्यांत औषधाची पहिली खूण शोधतो. विषारी असूनही ही वनस्पती कामाची, असं आपण म्हणतो. खरं तर ती विषारी आहे म्हणूनच कामाची ठरण्याची शक्यता आहे. हा मुद्दा नीट लक्षात आला तर पुढची पानं सोपी जातील.

कळलावीतलं मुख्य विष म्हणजे कोल्चिसीन. युरोपात ते कोल्चिकम नावाच्या कंदवर्गी फुलझाडात असतं. तिथे १८२० साली पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळं काढलं. वातरक्तावर, म्हणजे गाऊटवर, ते आजही दिलं जातं. पेशीच्या आत ते करतं काय, हे कळायला मात्र पुढची जवळजवळ दीडशे वर्षं लागली. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे अतिसूक्ष्म तंतू तयार होतात. ट्युब्युलिन या प्रथिनाचे कण एकापुढे एक जुळून ते बनतात. कोल्चिसीन ट्युब्युलिनला चिकटतं, तंतू जुळत नाहीत, आणि पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर अडकून पडते. गंमत अशी, की शिकागो विद्यापीठात १९६० च्या दशकात बोरिसी आणि टेलर या प्रथिनाच्या मागावर गेले ते कोल्चिसीनच हाती धरून. ज्याला कोल्चिसीन चिकटतं ते प्रथिन, अशीच त्याची पहिली ओळख होती. जीवशास्त्राला एवढा मोठा दुवा एका विषानं मिळवून दिला.

मग कोल्चिसीन कर्करोगाचं औषध का झालं नाही? कारण गाठीला पुरेल एवढी मात्रा आणि माणसाला मारील एवढी मात्रा यांच्यात अंतरच फार थोडं आहे. या क्षेत्रातल्या बहुतेक आशा याच एका अडचणीवर आपटून फुटतात. म्हणून संशोधकांनी कोल्चिसीनचा नाद पूर्ण न सोडता, ट्युब्युलिनवर ते जिथे बसतं त्याच जागी बसतील पण शरीराला सोसवतील, अशा रेणूंचा शोध चालू ठेवला आहे. दरम्यान कोल्चिसीनचं कुटुंब दुसऱ्याच दारानं कर्करोगाच्या इस्पितळात शिरलं. १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी माणसाच्या पेशीत ४८ नव्हे तर ४६ गुणसूत्रं असतात हे दाखवलं, ते कोल्चिसीननं विभाजन मध्यावर थांबवून. आज रक्ताच्या कर्करोगात गुणसूत्रांची तपासणी होते, तिथेही पेशी रोखून धरायला कोल्चिसीनचाच एक भाऊबंद वापरतात. रुग्णाला विष द्यायचं नाही, त्याच्या नमुन्याला द्यायचं आणि रोग ओळखायचा. ‘औषधी गुण’ या शब्दांत एवढा अर्थ आपण सहसा धरत नाही.

विष आणि औषध यांचं हे नातं आपल्याकडे जुनं आहे. योग्य रीतीनं योजलेलं तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं, आणि चुकीचं योजलेलं औषध विष होतं, हा विचार चरकसंहितेत आलेला आहे. पुढच्या रसग्रंथांनी उपविषांचा एक वर्गच केला. रुई, निवडुंग, कण्हेर, गुंज, धोतरा आणि लांगली म्हणजे आपली कळलावी, ही त्यातली नेहमीची मंडळी. यांतलं एकेक रायगडच्या किनारपट्टीवर घराच्या मागच्या दारी सापडेल. शोधन केल्याशिवाय ती वापरायची नाहीत, हा दंडक: लांगली गोमूत्रात भिजवायची, बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळायचा. त्यामागचं रसायनशास्त्र आजच्या भाषेत तपासण्याजोगं आहे, आणि काही ठिकाणी ते तपासलं जातही आहे. पण शोधनानं विष कमी होतं हे सिद्ध झालं म्हणजे उरलेल्या भागानं कर्करोग बरा होतो हे सिद्ध होत नाही. या दोन विधानांमधली दरी आपल्या आरोग्यविषयक लेखनात सर्रास उडी मारून ओलांडली जाते.

ग्रंथांबाहेरही एक शाळा होती आणि आहे. कातकरी आणि ठाकर समाजांत गेळ्याचं फळ कुटून डोहातले मासे भुलवायचे, पण मासा खाणाऱ्याला काही होऊ द्यायचं नाही, हे मात्राज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. खाडीत कांदळवनात वावरणाऱ्याला गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर काय होतं, हे सांगायला पुस्तक लागत नाही. हे ज्ञान ‘कर्करोगावरचं’ नव्हतं. बहुतेक पारंपरिक ज्ञान तसं नसतंच. कर्करोग ही निदानाची कल्पनाच त्या जगात आजच्या अर्थानं नव्हती. कुठली वनस्पती शरीरावर जोरकस परिणाम करते एवढं मात्र ते बिनचूक सांगतं, आणि कुठे शोधावं हे ठरवायला तेवढं पुरतं.

या दोन्ही शाळांना आधुनिक वनस्पतिशास्त्राशी जोडणारा एक माणूस मराठीच होता, आणि त्याला आपण जवळजवळ विसरलो आहोत. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. टेनिसनच्या काव्यावरून ‘इंदिरा’ हे मराठी काव्य लिहिणारे कवीही तेच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९० च्या दशकापासून त्यांनी मुंबई परिसरातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. बामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो त्यांच्या मृत्यूनंतर, आणि आजही तो संदर्भासाठी उघडला जातो. विषारी वनस्पती हा वेगळा आणि गंभीर अभ्यासाचा विषय आहे, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. माझ्या मते प्रस्तुत पुस्तकाची खरी वंशावळ तिथून सुरू होते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र या शोधाचा कणा बदलला. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटनं १९६० पासून जगभरातल्या हजारो वनस्पतींचे अर्क सरसकट तपासायला घेतले. कुणी काय सांगितलं याची फारशी फिकीर न करता, मिळेल ती साल, मिळेल ते पान. आपल्याकडे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनंही याच सुमारास भारतीय वनस्पतींची अशी चाळणी सुरू केली. परंपरेचा माग काढणारे आणि आंधळी चाळणी लावणारे यांच्यातला वाद अजून मिटलेला नाही. दोघांच्याही बाजूनं यश आहे, हीच पंचाईत. सदाफुलीचं उदाहरण तर दोन्ही बाजूंना चकवतं. मादागास्करहून येऊन आपल्या वाळूत, देवळाच्या अंगणात रुजलेलं हे झाड अनेक देशांत मधुमेहावर वापरलं जाई. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर त्याची पानं तपासायला बसले ते जमैकातल्या अशाच वापरामुळे. साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन पुढे आलं आणि मागोमाग व्हिन्क्रिस्टिन, जे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही उपचाराचा पाया आहे. परंपरेनं जागा बरोबर दाखवली आणि रोग चुकीचा सांगितला.

चाळणीच्या बाजूचा मोठा विजय महाराष्ट्रातल्या माणसाच्या हातून झाला. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. १९६६ मध्ये या दोघांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढल्याचं जाहीर केलं. १९७१ मध्ये पॅसिफिक य्यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. कर्करोगाच्या औषधांतली दोन मोठी घराणी एकाच प्रयोगशाळेतून निघाली. २०२० मध्ये वाणी गेले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांत त्यांना जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, असं मला वाटतं.

कॅम्प्टोथेसिनची कहाणी लगेच आपल्या डोंगरात येते. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की हाच रेणू सह्याद्रीतल्या नरक्यात आहे, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. नरक्या म्हणजे घाटमाथ्याच्या जंगलातलं, दुर्गंधी फुलांचं, एरवी कुणी वळून पाहणार नाही असं लहानसं झाड. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘निम्मोनियाना’ हे मुंबईतल्या निम्मो या वनस्पतिप्रेमीच्या नावावरून आलं. नाव देणारा जॉन ग्रॅहम हा मुंबईचा टपाल अधिकारी. १८३९ मध्ये तो खंडाळ्याला वारला आणि त्याच्या वनस्पतिसूचीची राहिलेली पानं निम्मोनंच पुरी केली. म्हणजे रायगडचा घाट चढून गेलं की जिथे माथा लागतो, त्याच टापूत या विद्येचं एक जुनं पान पडलेलं आहे.

औषध मात्र सहज झालं नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून १९७० च्या आसपास रुग्णांना दिला गेला. क्षार करताना रेणूतलं एक कडं उघडतं आणि गुण बराचसा जातो. मग मूत्राशयातल्या आम्लात तेच कडं पुन्हा मिटतं, आणि तिथे रक्तस्राव होतो. चाचण्या थांबवाव्या लागल्या. १९८५ मध्ये उलगडा झाला की हा रेणू डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला अडकवतो: पीळ सोडवण्यासाठी घेतलेला छेद पुन्हा सांधूच देत नाही. तेव्हा औषधकंपन्या पुन्हा कामाला लागल्या. इरिनोटेकॅन १९९४ मध्ये जपानात आलं, आणि १९९६ मध्ये अमेरिकेनं त्याला मोठ्या आतड्याच्या आणि टोपोटेकॅनला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. १९६६ ते १९९६, तीस वर्षं. काढा पिऊन तीस दिवसांत गाठ विरघळल्याच्या कहाण्या ज्यांच्या मोबाइलवर रोज येतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

इथे एक प्रश्न कुणालाही पडेल: पेशीला मारणारा रेणू अंगात भरून घेणारं झाड स्वतः कसं जगतं? त्या चिनी वृक्षाबाबत याचं उत्तर २००८ मध्ये मिळालं. त्याच्या स्वतःच्या टोपोआयसोमरेजमध्ये एका ठिकाणचं अमिनो आम्ल बदललेलं आहे, त्यामुळे विष त्याला धरत नाही. आणि अगदी तोच बदल या औषधाला दाद न देणाऱ्या मानवी कर्करोगपेशींतही आढळलेला होता. झाडानं लाखो वर्षांत शोधलेली पळवाट गाठीतल्या पेशींनी प्रयोगशाळेतल्या बशीत शोधून काढली.

नरक्याचं मात्र या यशानं वाईटच झालं. अर्काला परदेशात भाव आला, आणि कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गातल्या जंगलांतून तोड सुरू झाली. वनखात्यानं तस्करीचे गुन्हे नोंदवले, माल पकडला, पण ज्याचं लाकूड आणि मूळ हाच माल, ते झाड कापल्याशिवाय विकता येत नाही. गावातल्या तोडणाऱ्याच्या हाती दिवसाची मजुरी लागली. लागवड, ऊतिसंवर्धन, झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीकडून तोच रेणू बनवून घेणं, असे मार्ग शोधले गेले. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये नरक्यातल्या बुरशीत कॅम्प्टोथेसिन सापडल्याचं कळवलं तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. पण अशा बुरशा झाडाबाहेर काढल्या की काही पिढ्यांत रेणू बनवणं कमी करत जातात.

मग आजच हे पुस्तक का? एक कारण औषधशास्त्रातलं आहे. गेल्या दहा वर्षांत विषारीपणाकडे पाहण्याची दृष्टीच उलटली. एकट्यानं देता येणार नाही इतकं जहाल विष प्रतिपिंडाला बांधायचं आणि ते प्रतिपिंड ज्या पेशीला ओळखतं तिथेच नेऊन सोडायचं, अशी औषधं रुग्णांपर्यंत पोहोचली आहेत. स्तनाच्या कर्करोगासाठी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन हे त्यातलं गाजलेलं नाव, आणि त्याच्या टोकाला बांधलेला विषारी रेणू कॅम्प्टोथेसिनच्याच घराण्यातला आहे. फार विषारी म्हणून ज्यांच्या फायली बंद झाल्या, असे रेणू आता पुन्हा बाहेर काढले जातात. दुसरीकडे, झाड न तोडता रेणू मिळवण्याची विद्या पुढे गेली आहे. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये कळलावीतलीच जनुकं हुडकून ती तंबाखूच्या एका जंगली भावकीत घातली आणि कोल्चिसीनच्या वाटेवरचा रेणू तिथे तयार करून दाखवला. सदाफुलीच्या औषधाचे घटक २०२२ मध्ये यीस्टकडून बनवून घेतले गेले. तेव्हा कुंपणावरची वेल ही आता कच्च्या मालाइतकीच माहितीचीही खाण आहे, आणि त्या माहितीवर हक्क कुणाचा, हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली ग्रामपंचायतींनी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनं काही वापरकर्त्यांना लाभवाटपातून सवलतही मिळाली. नोंदवही ज्या गावात नीट झालेली नाही, त्या गावाला आपलं काय गेलं हेही कळणार नाही.

दुसरं कारण रायगड जिल्ह्याचं आहे. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला आणि उरण-अलिबागच्या जमिनीचा भाव बदलला. गडग्यांच्या जागी सिमेंटची भिंत आली की कळलावीला चढायला काही उरत नाही. कांदळवनात भराव पडला की गेवा जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा पंचनामे नारळ-सुपारीचे झाले. रानवेलींचा पंचनामा होत नसतो. आणि याच जिल्ह्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोगाची प्रगत संशोधन संस्था आहे; याच जिल्ह्यात रोहा, महाड, तळोजा, पाताळगंगेला औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. वनस्पती, प्रयोगशाळा, कारखाना आणि रुग्ण एका जिल्ह्यात असण्याचा योग फार ठिकाणी येत नाही. त्यांचं एकमेकांशी बोलणं मात्र क्वचितच होतं.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कोकणातल्या माणसाचा कर्करोगाशी सगळ्यांत जवळचा संबंध जोडणारी वनस्पती कळलावी नाही, नरक्या नाही. ती तंबाखू आहे. मशेरी लावणाऱ्या बाईला आणि गुटख्याची पुडी फोडणाऱ्या पोराला रानातल्या दिव्य वेलीची गोष्ट सांगणं सोपं असतं, पुडी सोडायला लावणं कठीण. या पुस्तकानं ती सोपी वाट धरलेली नाही, म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो.

पुस्तक कुणासाठी आहे? शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवणारे, आयुर्वेदाचे विद्यार्थी, वनरक्षक, तालुक्याच्या दवाखान्यात विषबाधेचा रुग्ण प्रथम पाहणारे डॉक्टर, आणि घरात कर्करोग आल्यावर दर चार दिवसांनी नवी मुळी सुचवली जाते असे नातेवाईक. या सगळ्यांसाठी एका भाषेत लिहिणं अवघड असतं. काही पानं रसायनाची आहेत, ती ज्याला जड वाटतील त्यानं खुशाल ओलांडावीत. मात्रा आणि कृती यात कुठेही दिलेली नाही. ज्याला ती हवी आहे त्याच्यासाठी हे पुस्तक नाही.

प्रत्येक वनस्पतीचं संशोधन कुठवर आलं आहे, हे मात्र स्पष्ट सांगितलं आहे: बशीतल्या पेशींवर, उंदरांवर, की माणसांवर. हा भेद मराठीत इतक्या काटेकोरपणे पाळलेला मी फारसा पाहिलेला नाही. बशीत कर्करोगाच्या पेशी मारणारे अर्क शेकड्यांनी असतात. बशीत त्या मिठाच्या दाट पाण्यानंही मरतात. रायगडच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक वनस्पती, गेव्यासह, अजून पहिल्याच पायरीवर आहेत. त्यांच्या नावापुढे तेवढंच लिहिलेलं आहे, आणि पुढचा रकाना कोरा ठेवलेला आहे.